बेअरिंग वाजतंय की टायर?

गाडी साठच्या पुढे गेली की खालून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. वेग वाढला की चढतो, कमी झाला की उतरतो आणि सिग्नलला थांबल्यावर गायब. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत असा आवाज आला की गॅरेजमध्ये दोनच निदानं ऐकू येतात. एक, ‘बेअरिंग गेलंय’, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो भाग खराब झालाय. दुसरं, ‘गाडीने टायर खाल्लेत’, म्हणजे ते वेडेवाकडे झिजलेत.

माझ्या २०११ च्या गाडीच्या वेळी मला पहिलं ऐकवलं गेलं. पुढचं डावं बेअरिंग बदललं, पैसे दिले आणि घरी येताना साठला पुन्हा तेच घूंऽऽ. दोष निघाला मागच्या टायरांचा. मेकॅनिक लबाड नव्हता. या दोन आवाजांमध्ये भलेभले फसतात. शिवाय मागचा आवाज पत्र्यातून पुढे येतो आणि चालवणाऱ्याला तो आपल्या पायाशीच वाटतो. म्हणून पहिली युक्ती अगदी साधी आहे: कोणाला तरी मागच्या सीटवर बसवून कान लावायला सांगा.

दोन्ही आवाज चाकाच्या फिरण्यातूनच येतात, म्हणून दोन्ही वेगाबरोबर वाढतात. पण बेअरिंगला फरक पडतो तो त्याच्यावरच्या भाराने, टायरला फरक पडतो तो रस्त्याने. पुढच्या बहुतेक चाचण्या एवढ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी रस्ता. काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर गाडी उतरते, तेव्हा आवाजाकडे लक्ष द्या. वेग तोच ठेवा. आवाजाची जात एकदम बदलली, घूंऽऽचं सूंऽऽ झालं किंवा जवळपास थांबलं, तर टायरवर संशय घ्या. बेअरिंगला खाली काँक्रीट आहे की डांबर याचं सोयरसुतक नसतं. ते दोन्हीकडे एकाच पट्टीत गातं. मात्र काँक्रीटवर मुळातच गोंगाट जास्त असतो, त्यामुळे हा निकाल डांबरावरच लावावा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर तर नव्याकोऱ्या टायरांची गाडीही गुणगुणते.

मग भार. मोकळा, सरळ रस्ता बघा, पन्नास-साठचा वेग धरा आणि खड्डा चुकवताना करतो तसं स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे करा. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर झुकतं. त्या क्षणी आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग बोलतंय. उलट झालं तर डावं. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, काही बेअरिंगं भार हलका झाल्यावरही कुरकुरतात. घाटातल्या लांब वळणांवर हा फरक छान ऐकू येतो. तिथे मुद्दाम स्टिअरिंग हलवायची गरजही पडत नाही. टायरचा आवाज वळणावर थोडाफार बदलतो, पण असा बाजू धरून नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडली आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिन संशयातून सुटलं. गिअरबॉक्स पूर्ण सुटत नाही, कारण डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) तेव्हाही चाकांबरोबर फिरतच असतं. मात्र इंजिन बंद करून ही चाचणी करू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

आता गाडी उभी करून टायरवर हात फिरवा. डोळ्यांपेक्षा तळहात जास्त खरं सांगतो. नक्षीवरून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने हात न्या. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दातांसारखं लागलं, किंवा ठरावीक अंतराने उंचवटे-खळगे जाणवले, तर आवाजाचा उगम सापडला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत हे मागच्या टायरांना जास्त होतं. मागे वजन कमी, शिवाय टायर पुढे-मागे करण्याचा कंटाळा. खळग्यांमागे अनेकदा थकलेला शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतो, तेव्हा तो न बघता नवा टायर घातला तर तोही तसाच खाल्ला जाईल. हात फिरवताना बाजूला फुगवटा किंवा गाठ लागली, तर आवाज-बिवाज विसरा आणि स्टेपनी लावा. तो टायर आतून फाटलेला असतो.

बेअरिंगसाठी जॅक लागतो. सपाट जागा, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकामागे दगड आणि अंग गाडीखाली घालायचं नाही. उचललेल्या चाकाला वरून-खालून धरून आतबाहेर हलवा. चाक खटखटलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर बॉलजॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा सस्पेन्शन बघायचं. नंतर एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर, जात्यात खडा आल्यासारखी, स्प्रिंगमधून बोटांना कळते. प्ले अजिबात नसतानाही बेअरिंग वाजू शकतं, त्यामुळे ‘चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग ठीक’ हा निष्कर्ष कच्चा आहे.

आपल्याकडे बेअरिंगाचा मोठा शत्रू पावसाळा. खड्ड्यांचे दणके बसतातच, पण गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की जुन्या सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस खराब होतं, गंज धरतो आणि काही आठवड्यांनी घूंऽऽ सुरू होतं. आवाज पाण्यातून गेल्यानंतर महिन्याभरात आला असेल, तर मी बेअरिंगकडे झुकेन. हळूहळू, कधी सुरू झाला हेही न आठवता वाढत गेला असेल, तर टायरकडे.

थरथर हा वेगळा साक्षीदार. ऐंशी-शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे कमी होतं, तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. फक्त ब्रेक मारताना थरथरतं, तर दोष ब्रेकच्या डिस्कचा. बेअरिंग पार जाईपर्यंत सहसा थरथर देत नाही, नुसता आवाज देतं.

इतकं करूनही शंका राहिली, तर बेअरिंगला हात लावण्याआधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा. खर्च नाममात्र. आवाज जागा बदलून गेला किंवा सूर बदलला, तर टायर. जिथल्या तिथे राहिला, तर बेअरिंग. माझ्या गाडीत हे आधी केलं असतं तर एक बेअरिंग वाचलं असतं. कधीकधी दोन्ही असतात, कारण सैल बेअरिंग स्वतःच टायर वेडावाकडा झिजवतं.

बेअरिंग निघालंच, तर ते प्रेस मशीनवर बसवणारं गॅरेज शोधा. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग लवकरच जुन्यासारखं गाऊ लागतं. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला सेन्सरसाठी चुंबकी पट्टी असते. ती बाजू उलटी बसली की आवाज जातो, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. आणि खरखर सुरू झालेलं किंवा प्ले आलेलं बेअरिंग घेऊन ‘दिवाळीला जाऊन आलो की बघू’ असं करू नये. चाक जाम होऊ शकतं, निघूनही येऊ शकतं.

टायर निघाला तर घाई नाही. फुगवटा नसेल, भेगा नसतील आणि नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असेल, तर तो फक्त कान खातो. मी माझे मागचे टायर पुढे घेतले आणि ते गोटा व्हायच्या जरा आधीपर्यंत वापरले. तेवढे महिने गाडीत गाणी थोडी मोठ्याने लागत होती.