अष्ठीला ग्रंथीची बोटतपासणी

मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रनलिकेला वेढून असलेल्या अष्ठीला (प्रोस्टेट, पौरुष) ग्रंथीची गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी.

नाव आयुर्वेदातून आले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या (लघवी अडण्याच्या विकाराच्या) १२ प्रकारांत वाताष्ठीला आहे : मलमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये वायू अडून अष्ठीलेसारखी घट्ट, उंचावलेली गाठ होते आणि मलमूत्र तुंबते. अष्ठीला म्हणजे नेमके काय, यावर टीकाकारांत एकमत नाही; गोल दगड आणि लोखंडी साधन असे दोन्ही अर्थ दिले गेले. कोकणात फणसाच्या बीला आठळी म्हणतात. तिचा संबंध संस्कृत ‘अष्ठि’ (फळातील कठीण बी) या शब्दाशी लावला जातो. वाताष्ठीला म्हणजेच आजची ग्रंथिवृद्धी, असे काही अभ्यासक मानतात. जागा जुळते, तरी संहितेत निरोगी ग्रंथीचे स्वतंत्र वर्णन नसल्याने ते लक्षणसमूहाचे नाव समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

बोटाला फक्त मागची बाजू लागते. तरुणपणी ग्रंथी साधारण २० ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते. मध्ये खाच, दोन्ही बाजू सारख्या. मूठ आवळल्यावर अंगठ्याच्या बुडाशी येणारा उंचवटा जसा लागतो, तसा तिचा निरोगी स्पर्श. बोटाच्या पेराच्या हाडासारखी टणक गाठ किंवा एकच बाजू वर आलेली लागली, तर कर्करोगाची शंका घेतात. निदान बायॉप्सीनेच (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासूनच) होते. ग्रंथी पिलपिलीत व हात लावताच दुखणारी असेल तर तिला सूज आलेली असते. ताप असताना ती चोळत नाहीत.

‘ग्रेड २, गुळगुळीत, खाच बुजलेली’ असा शेरा वयोमानाच्या साध्या वाढीचा असतो. त्यातला ‘ग्रेड’ हा वाढीबद्दल तपासणाऱ्याचा अंदाज, म्हणून दोन डॉक्टरांचे आकडे जुळतीलच असे नाही. कागद हाती पडताच घरचे ‘वाढली आहे’ एवढेच वाचून हादरतात. खरे तर आधी ‘गुळगुळीत’ की ‘टणक’ हे पाहावे. त्रास आकाराच्या प्रमाणात नसतो : मूत्राशयात शिरलेला मधला भाग बोटाला लागत नाही, आणि लहान ग्रंथीही लघवी अडवते. कोकणच्या पावसाळ्यात सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी घेऊन रात्रीत लघवी तुंबते, ती अशाच माणसाची. नाक मोकळे करणारी काही औषधे मूत्राशयाच्या मुखाचे स्नायू आवळतात. गोळी घेण्याआधी हा शेरा दुकानदाराला दाखवावा.

रक्तातील पीएसए (याच ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असला, तरी टणक गाठ लागल्यास पुढील तपास होतोच.