किरकोळ दुकानाचे हिशेबलेखन : शालेय शिक्षण (गोवा)

किराणा, स्टेशनरी, भाजी अशा किरकोळ विक्रीच्या दुकानातले व्यवहार रोजच्या रोज नोंदवणे, ते ज्या त्या खात्यात टाकणे आणि शेवटी नफा-तोटा काढणे, याचे शालेय पातळीवरचे शिक्षण. गोव्यात अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत ते ‘अकाउंटन्सी’ या विषयातून मिळते. परीक्षा गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ (स्थापना १९७५) घेते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दप्तरविना दिवस आणि शाळेतला बालबाजार (मुलांनीच मांडलेली दुकाने) यांमुळे त्याचा पाया आधीच घालता येतो. अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून होते व पुढे माध्यम इंग्रजी होते. त्यामुळे रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंदवही) आणि जर्नल, खतावणी (खातेवार वही) आणि लेजर ही नावे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलेली बरी.

पाठ्यपुस्तके बहुधा नावे-जमेच्या (डेबिट-क्रेडिटच्या) नियमांनी सुरुवात करतात. मुलांना त्याआधी गल्ला मोजायला शिकवावे. डिचोलीतल्या एखाद्या छोट्या दुकानाचा एक दिवस उदाहरणादाखल घेऊ. सकाळी गल्ल्यात ५०० रुपये होते. दिवसभरात रोख विक्री ३,२०० रुपयांची, यूपीआयवरची १,८५० आणि उधारीची ६५० रुपयांची झाली. जुन्या उधारीपैकी ४०० रुपये रोख वसूल झाले. मालासाठी २,१०० आणि टेम्पोच्या भाड्यासाठी १५० रुपये रोख दिले. घरच्या बाजारहाटासाठी मालकाने ३०० उचलले. संध्याकाळी गल्ल्यात १,५५० रुपये असायला हवेत. प्रत्यक्षात १,५३० निघाले, तर २० रुपयांची तूट त्याच दिवशी वहीत लिहायची. पदरचे वीस घालून हिशेब जुळवून टाकण्याची सवय मुलांना लागू देऊ नये.

त्या दिवसाचा नफा मात्र गल्ल्यावरून कळत नाही. एकूण विक्री ५,७०० रुपयांची झाली. सकाळचा मालसाठा १८,००० रुपयांचा, रोखीची खरेदी २,१०० ची आणि घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेला माल ३,००० चा; दुकान बंद करताना १८,७०० रुपयांचा माल शिल्लक राहिला. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ४,४०० आणि ढोबळ नफा १,३०० रुपये. टेम्पोचे भाडे वजा जाता १,१५० उरतात. वरची वीसची तूट सापडली नाही, तर तीही खर्चातच जाते. घरासाठी उचललेले ३०० दुकानाचा खर्च नव्हेत. ती मालकाची उचल. घर आणि दुकान एकाच गल्ल्यावर चालते तिथे ही ओळ मुलांना सर्वांत उशिरा पटते, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

मालसाठ्याचे मूल्यांकन शिकवायला गोव्यातला बाजार फार उपयोगी पडतो. पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताला (पावसाळ्यासाठीच्या साठवणीला) मडगाव-म्हापशाच्या बाजारात सुकी मासळी, मिरची, सोलां (सुकवलेली कोकमे), कडधान्ये यांची खरेदी होते. एप्रिल-मे महिन्यांत दुकानदाराचा बराच पैसा मालात अडकतो. गल्ला रिकामा दिसला म्हणून तोटा झाला असे होत नाही. उलट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-रानवेलींचा, बाजार पाहा. चतुर्थीपूर्वी भाव असलेल्या फळांना आणि रानवेलींना सण उलटल्यावर गिऱ्हाईकच नसते. उरलेला माल खरेदीच्या किमतीने वहीत दाखवला, तर नफा फुगतो. खरेदी किंमत आणि आता मिळू शकणारी किंमत यांतली जी कमी असेल तीच धरायची, हा नियम माटोळीच्या उदाहरणाने एका तासात समजतो. किनाऱ्यालगतच्या दुकानांची मुलेही वर्गात असतात. पर्यटन हंगामातल्या कमाईवर पावसाळ्यातले भाडे आणि पगार भागवावे लागतात, हे त्यांना ठाऊक असते. महिनावार विक्रीचा तक्ता त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीची ओळख बिलावरून करून द्यावी. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केलेल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर ही विक्रीची कमाई नसून सरकारचे देणे असते. दर बदलत असतात. ते पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

हे अंगवळणी पडल्यावर दुहेरी नोंद शिकवावी. व्हेनिसला १४९४ मध्ये लुका पाचोलीने ती छापील ग्रंथात मांडली. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत, एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा. उधारीवर माल आणला तर खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा. खात्यांच्या शिलकांवरून तेरीज (ट्रायल बॅलन्स) मांडतात आणि तिच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यावी लागते. ती जुळली की मुले वही मिटतात, आणि इथेच शिक्षकाने थांबवावे. विजेचे बिल चुकून भाडे खात्यात पडले, किंवा एखादी उधारी मुळात लिहायचीच राहिली, तरी तेरीज जुळते. अशा चुका मुद्दाम पेरलेली वही देऊन त्या बिले आणि उधारीची चोपडी ताडून शोधायला लावणे, ही या विषयाची लेखी प्रश्नपत्रिकेपेक्षा चांगली परीक्षा आहे.