जुनाट खोकला आणि उजवीकडचे हृदय

वर्षानुवर्षे टिकणारा, रोज बेडका पडणारा खोकला म्हणजे दमा किंवा ॲलर्जी, ही समजूत इतकी घट्ट बसलेली आहे की त्यापलीकडचे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. अशा रुग्णाचे नाक जन्मापासून चोंदलेले असते का, लहानपणी कान वारंवार फुटत असत का, सायनसचा त्रास कधी पूर्ण बरा झाला का, लग्नानंतर मूल होण्यात अडचण आली का, हे सारे खरे तर एकाच वेळी विचारायला हवे. छाती, नाक-कान-घसा आणि वंध्यत्व यांचे डॉक्टर वेगवेगळे असतात, पण या सगळ्या तक्रारींचे मूळ कधी कधी एकच असते: पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू, नीट न हलण्याचा जन्मजात आजार (प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया).

झुरिकमधील डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये अशाच एका विलक्षण जोडणीकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. त्यांच्या रुग्णांना सायनसचा जुनाट दाह होता, श्वासवाहिन्या कायमच्या रुंद व सैल झालेल्या होत्या, म्हणजे ब्राँकिएक्टॅसिस होता, आणि हृदय छातीच्या उजव्या बाजूला होते. नाकातला कफ आणि हृदयाची जागा यांचा संबंध काय असावा, हे मात्र पुढची चार दशके कोडेच राहिले. १९७६ मध्ये स्वीडनचे ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी ते सोडवले, आणि तेही शुक्राणूंच्या अभ्यासातून. काही वंध्य पुरुषांचे शुक्राणू जिवंत असूनही हलत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या शेपटीत एक ठरावीक भाग गायब दिसत होता, आणि त्याच पुरुषांना खोकला व सायनसचा जुना त्रास होता.

तो गायब भाग समजून घेण्यासाठी श्वासनलिकेच्या अस्तराकडे वळावे लागते. तिथल्या प्रत्येक पक्ष्मल पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात. हे तंतू जेमतेम सहा-सात मायक्रोमीटर लांब असतात आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. पुढे जाताना पक्ष्माभिका ताठ होऊन टोकाने कफाचा थर घशाकडे ढकलते आणि परतताना वाकून खालच्या पातळ द्रवातून सरकते, वल्हे पाण्यात ओढावे आणि परतताना आडवे करावे तसे. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू या कफात अडकून घशापर्यंत येतात आणि नकळत गिळले जातात.

ही हालचाल घडते कशी? पक्ष्माभिकेचा आडवा छेद घेतला तर कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका दिसतात. कडेच्या प्रत्येक जोडीवर डायनिन नावाच्या प्रथिनाचे बाहू असतात. एटीपी या पेशीतल्या इंधनाची ऊर्जा वापरून हे बाहू शेजारच्या जोडीला पकडतात आणि तिच्यावरून तळाच्या दिशेने चालू लागतात, त्यामुळे दोन जोड्या एकमेकींवरून घसरू पाहतात. पण त्या तळाशी रोवलेल्या आणि नेक्झिन या प्रथिनाच्या दुव्यांनी बांधलेल्या असल्यामुळे घसरण्याऐवजी सगळा तंतू वाकतो. एका बाजूचे डायनिन जोर लावत असताना समोरच्या बाजूचे थांबते आणि मग पाळी बदलते. शुक्राणूची शेपटीही याच रचनेची असते, आणि आफ्झेलियस यांना न दिसलेला भाग म्हणजे हेच डायनिनचे बाहू.

आता हृदयाचा प्रश्न. गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेत असताना, डावे-उजवे ठरण्यापूर्वी, त्याच्या मध्यरेषेवर एक छोटा खळगा असतो. त्यातल्या पक्ष्माभिका मागेपुढे न हलता गोल फिरतात, आणि त्या किंचित कललेल्या असल्यामुळे खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो. हा प्रवाहच डावी बाजू ठरवतो. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या गर्भांवर कृत्रिम प्रवाह उलट दिशेने सोडला, तेव्हा त्यांचे डावे-उजवेही उलटले. पक्ष्माभिका फिरतच नसतील तर बाजू योगायोगावर सोपवली जाते, आणि म्हणूनच या आजाराच्या साधारण निम्म्याच रुग्णांत अवयव उलट बाजूला आढळतात. मला सर्वांत सुंदर वाटणारा पुरावा पुढचा आहे: खळग्यातल्या या पक्ष्माभिकांमध्ये मधल्या दोन नलिका नसतातच, आणि ज्यांचा दोष केवळ त्या मधल्या जोडीत असतो, अशा रुग्णांना खोकला असतो, पण हृदय डावीकडेच असते. त्यामुळे उजवीकडच्या हृदयाला शकुन-अपशकुन चिकटवणाऱ्यांना शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही.

पक्ष्माभिका थांबल्या की कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, त्यांना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशींची विकरे (एन्झाइम) श्वासवाहिनीची भिंतच खातात, भिंत सैल पडते आणि तिथे आणखी कफ साचतो. हे चक्र फिरत राहिले की ब्राँकिएक्टॅसिस होतो. मधल्या कानातही पक्ष्माभिका असतात, म्हणून तिथे द्रव साचून ऐकू कमी येते. स्त्रियांच्या बीजवाहिन्यांतही त्या असतात, म्हणून गर्भधारणेत अडचण येऊ शकते.

दोष बहुधा आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांत असतो. त्यामुळे फुप्फुसे ‘धुऊन काढण्याचा’ दावा करणारे काढे आणि चूर्णे इथे निरुपयोगी आहेत. जे प्रथिन पेशी बनवूच शकत नाही, ते काढ्यातून मिळत नाही. उपयोगी पडते ती रोजची छातीची फिजिओथेरपी, संसर्गावर वेळेवर प्रतिजैविके, लसी आणि धूम्रपानापासून लांब राहणे. निदानासाठी नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण मोजतात, कारण या बहुतेक रुग्णांत ते फारच कमी असते. नंतर नाकाच्या आतून ब्रशने काही पेशी खरवडून वेगवान कॅमेऱ्याखाली पाहतात: निरोगी पेशींच्या कडेवर लाट सरकताना दिसते, तर या रुग्णांच्या पेशींची कड निश्चल असते किंवा जागच्या जागी थरथरते. पूर्ण मुदतीचे बाळ जन्मल्यानंतर काही तासांतच धापा टाकू लागले, त्याला ऑक्सिजन लावावा लागला आणि मग पहिल्या वर्षापासून नाक व खोकला सुटलाच नाही, अशी हकिगत असेल, तर ही तपासणी लहानपणीच करून घ्यावी. श्वासवाहिन्या एकदा सैल पडल्या की सहसा पूर्ववत होत नाहीत.