नादारीचा कायदा आणि दिवसांचा हिशेब

कंपन्यांच्या नादारीत, म्हणजे कर्ज फेडता न आलेल्या कंपन्यांच्या खटल्यांत, काम करणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या ज्युनिअर वकिलाला 'तू दिवसभर करतोस काय?' असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर 'दिवस मोजतो' हेच असेल. कर्ज कधी थकलं? त्याला तीन वर्षं, म्हणजे अर्जाची मुदत, उलटली का? उलटली असतील, तर मधल्या एखाद्या ताळेबंदात कंपनीनं ते कबूल केलंय का? राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा (एनसीएलटी) आदेश झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा. अपिलाचे 30 दिवस आदेश सुनावल्यापासून धावतात, नक्कल हाती पडल्यापासून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगून टाकलंय.

या घाईमागे आधीच्या निवांतपणाचा अनुभव आहे. 1985 च्या आजारी उद्योगांच्या कायद्याखाली 1987 मध्ये दिल्लीत अशा उद्योगांना सावरण्यासाठीचं बीआयएफआर हे मंडळ सुरू झालं. साचलेला तोटा कंपनीच्या नक्त मूल्याएवढा (भांडवल आणि गंगाजळी मिळून) झाला की ती 'आजारी'. मग कलम 22 मुळे वसुलीचे दावे जागच्या जागी थांबत. हेतू उद्योग वाचवण्याचा होता, पण कित्येकांना तो आडोसाच सापडला. प्रकरण वर्षानुवर्षं चाले, यंत्रं गंजत आणि कामगारांची देणी तशीच राहत.

महाराष्ट्रात आणखी एक छत्री होती. 1958 च्या कायद्यानं राज्य सरकार एखाद्या कारखान्याला 'रिलीफ अंडरटेकिंग' जाहीर करू शके. रोजगार टिकावा म्हणून त्याची देणी तेवढ्या काळापुरती स्थगित होत.

1 डिसेंबर 2016 ला बीआयएफआर बंद झालं आणि त्याच दिवशी नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली कंपन्यांविषयीची प्रक्रिया लागू झाली. आठवडाभरात आयसीआयसीआय बँकेनं अर्ज केला, तो पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध. कंपनीनं 1958 ची छत्री उघडली. मुंबईच्या न्यायाधिकरणानं 17 जानेवारी 2017 रोजी अर्ज दाखल करून घेतला, त्यासरशी कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून गेला, आणि 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: केंद्राची संहिता राज्याच्या कायद्यावर वरचढ, आणि व्यवस्थापन हातातून गेलेल्या जुन्या संचालकांना कंपनीच्या नावानं अपील चालवता येणार नाही. मालकच बाजूला, हे तोवर कुणाच्या पचनी पडलेलं नव्हतं. पुण्यातल्या कंपनीनं हरलेला हा खटला आजही देशभरच्या अर्जांत उद्धृत होतो.

संहितेत ही प्रक्रिया संपवायची मुदत 180 दिवसांची, वर 90 ची वाढ. 2019 मध्ये कोर्टबाजी धरून 330 दिवसांची सीमा घातली गेली. प्रत्यक्षात हे गणित अनेकदा कोलमडतं. तरी धनकोंनी (कर्ज देणाऱ्यांनी) दावे दाखल करावेत म्हणून इंग्रजी आणि मराठी दैनिकांत येणाऱ्या जाहीर सूचना, दाव्यांची पडताळणी, कंपनी सावरण्याच्या योजनेला लागणारं धनको समितीचं 66 टक्के मतदान, सगळं तारखांना बांधलेलं. ज्युनिअरची पहाट त्यातच जाते, कारण पुण्यात न्यायाधिकरणाचं खंडपीठ नाही. बोर्डावर नंबर असेल तर फायली घेऊन मुंबई गाठायची.

कर्जात माणूस बुडाला तर मात्र गोष्ट वेगळी. दिवसाढवळ्या दिवा लावून आपलं दिवाळं जाहीर करायची जुनी रीत सांगतात. तो दिवा गेला, पण कंपनीचे जामीनदार सोडले तर सामान्य माणसाचा नादारीचा अर्ज अजूनही शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जातो, 1920 च्या कायद्याखाली.