औषधं सुरू झाल्यावर ताप का चढतो? एचआयव्ही, टीबी आणि पेशींचे निरोप

एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी झाला की कित्येकदा छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ येतो आणि थुंकीतही जंतू सापडत नाहीत. पेशंट मात्र रोज संध्याकाळी तापाने फणफणलेला असतो, वजन उतरत चाललेलं असतं. याचं कारण पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांत आहे.

श्वासातून आत गेलेला टीबीचा जंतू मॅक्रोफेज ही भक्षक पेशी गिळते आणि आतल्या एका पिशवीत कोंडते. पाचक रसाची दुसरी पिशवी तिला येऊन मिळाली की जंतू संपायला हवा. पण तो नेमकी ही जोडणीच रोखतो आणि तिथेच वाढत राहतो. सुटका बाहेरून होते. जंतूची चाहूल लागलेल्या पेशी इंटरल्युकिन-१२ सोडतात. त्याने जाग्या झालेल्या सीडी४ पेशी (रक्तातल्या पांढऱ्या रक्षक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. तो पोचला की मॅक्रोफेजला बळ येतं आणि पिशव्या जुळतात. टीएनएफ हा आणखी एक निरोप जंतूंभोवती पेशींचं कडं घट्ट धरून ठेवतो. त्या कड्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात.

एचआयव्ही या साखळीतल्या सीडी४ पेशीच मारतो. कडं विस्कटतं, जंतू रक्तावाटे शरीरभर पसरतात. शिवाय टीएनएफ ज्या एनएफ-कप्पा-बी या स्विचवर काम करतो, तोच स्विच एचआयव्हीचे जनुकही चालू करतो. म्हणजे टीबीशी लढताना विषाणूलाच खतपाणी मिळतं.

एक्स-रेवरचा डाग बराचसा शरीराने दिलेल्या लढ्याची खूण असतो. फुप्फुसात पोकळी पडते तीही या लढ्यातूनच, आणि थुंकीत भरपूर जंतू येतात ते पोकळीतून. लढाच मंदावला तर दोन्ही खुणा पुसट होतात. मँटू या टीबीच्या त्वचेवरच्या चाचणीचंही तसंच: एचआयव्हीत ५ मिलिमीटरचा फुगवटाही पॉझिटिव्ह धरतात, आणि फुगवटा आला नाही म्हणून टीबी नाही असं मुळीच म्हणता येत नाही. म्हणून थेट जंतूच शोधावा. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूचे जनुक शोधणारी चाचणी करावी, आणि सोबत लघवीची लॅम पट्टी, जी लघवीत उतरलेला जंतूच्या आवरणाचा अंश दाखवते. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी टाकायची, २५ मिनिटांनी रेघ पाहायची. सीडी४ जितके कमी, तितकी ही पट्टी जास्त उपयोगी. पण तीही निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता एआरटीकडे, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांकडे येऊ. गोळ्या सुरू होतात, विषाणू झपाट्याने घटतो, सीडी४ पेशी परततात आणि त्यांना जागोजाग जंतूंचे अवशेष साचलेले दिसतात. मग इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांचा एकदम पूर येतो. ताप पुन्हा चढतो, मानेतल्या गाठी सुजतात, एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आयरिस, म्हणजे परतलेल्या प्रतिकारशक्तीने उठवलेली सूज. बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, साधारण ३ महिन्यांच्या आत होतं. सीडी४ पेशी रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे १०० च्या खाली असतील तर धोका जास्त. घरच्यांना वाटतं गोळ्या बाधल्या, आणि गोळ्या बंद होतात. ही चूक जिवावर बेतू शकते. एआरटी चालूच ठेवून आधी औषधांना दाद न देणारा टीबी, चुकलेले डोस आणि दुसरा संसर्ग नाही ना, हे तपासायचं.

आयरिस टाळायला एआरटी लांबवावी का? कंबोडियातल्या चाचणीत टीबीचे उपचार सुरू झाल्यावर ८ ऐवजी २ आठवड्यांनी एआरटी दिली, तेव्हा आयरिस वाढलं, पण मृत्यू कमी झाले. म्हणून आज २ आठवड्यांच्या आत सुरू करतात. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा: कवटीत सुजेला जागाच नसते, तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात. केपटाऊनमध्ये सीडी४ १०० किंवा त्याहून कमी असलेल्यांना एआरटीसोबत प्रेडनिसोन रोज ४० मिलिग्रॅम १४ दिवस, मग २० मिलिग्रॅम १४ दिवस दिलं, तेव्हा आयरिसचं प्रमाण ४६.७ वरून ३२.५ टक्क्यांवर आलं. रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी किंवा कापोसी सार्कोमा हा कर्करोग असलेल्यांना या चाचणीत घेतलं नव्हतं. हे स्टेरॉइड आहे, मनाने घ्यायचं औषध नव्हे.

रिफॅम्पिसिनमुळे एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाची रक्तातली पातळी उतरते. त्यामुळे ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा नव्हे, १२ तासांच्या अंतराने दोनदा लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही २ आठवडे तशीच चालू ठेवावी लागते.