आघातानंतरचा पहिला महिना: सुरुवातीच्या उपचारांची पार्श्वभूमी

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यानंतर ठाणे परिसरात चर्चा झाली ती गर्दीची, बंद दरवाजांची आणि त्या वळणाची. जखमींपैकी किंवा त्याच डब्यातून हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना महिन्याभराने पुन्हा लोकलमध्ये चढता येईल, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. एरवी मोठी दुर्घटना घडली की समुपदेशक ताबडतोब पाठवावेत, अशी मागणी होते. त्या ‘ताबडतोब’मागे बराच वाद झालेला आहे.

१९८० मध्ये आघातोत्तर ताण विकाराला (पीटीएसडी; जिवावरच्या प्रसंगानंतर त्याच्या आठवणी आणि भीती पाठ सोडत नाहीत तो त्रास) अमेरिकेतील निदानसूचीत स्थान मिळाले. त्याआधीचा इतिहास प्रामुख्याने रणांगणावरचा असून येथे तो बाजूला ठेवता येईल. १९८३ मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी एक गटबैठक मांडली गेली, ती ‘डीब्रीफिंग’. घटनेनंतर काही दिवसांतच एकत्र बसून काय पाहिले, काय वाटले, हे क्रमाने बोलायचे, अशी तिची रीत होती. बोलून मन मोकळे केले की माणूस सावरतो, हे कोणालाही पटणारे असल्यामुळे ही पद्धत पाहता पाहता पसरली आणि मूळ गट सोडून अपघातग्रस्त, भाजलेले रुग्ण अशा एकेकट्या माणसांवरही वापरली जाऊ लागली. तिचा उपयोग होतो का, हे मात्र बराच काळ कोणी नीट तपासले नाही.

१९९७ मध्ये ब्रिटनमधील भाजलेल्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेरा महिन्यांनंतर डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना हा विकार होता. न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होते. २००० मध्ये रस्ते अपघातांतील जखमींचा तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांचा त्रास तीव्र होता, त्यांच्यापैकी डीब्रीफिंग झालेले रुग्णच सावरण्यात मागे राहिल्याचे त्यात दिसले. पुढे अशा चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याने सक्तीचे डीब्रीफिंग थांबवावे असे सुचवले आणि २००५ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी एका बैठकीचा हा उपाय नेहमीच्या वापरातून बाहेर काढला.

समर्थकांना हा निर्णय आजही मान्य नाही, आणि त्यांचे सगळे म्हणणे उडवून लावण्याजोगेही नाही. भाजलेल्यांच्या चाचणीत डीब्रीफिंगच्या गटातील रुग्ण मुळातच अधिक गंभीर होते. शिवाय बचाव पथकांच्या गटासाठी घडवलेली पद्धत खाटेवरच्या एकट्या रुग्णावर वापरून तिलाच नापास ठरवले गेले. तरीही ज्या उपायाने अपाय झाल्याची शंका आहे, तो सरसकट सर्वांना द्यावा, याला या युक्तिवादातून आधार मिळत नाही.

उपचार सर्वांनाच हवेत का, ही शंका बळावली ती लोकसंख्येच्या पाहण्यांमुळे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीनुसार निम्म्याहून अधिक लोकांवर आयुष्यात कधी ना कधी आघाताचा प्रसंग येतो, पण विकार सुमारे ८ टक्के लोकांनाच होतो. न्यूयॉर्कवरील २००१ च्या हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांनी मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील प्रौढांपैकी ७.५ टक्के लोकांमध्ये तो दिसला. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले होते. बहुतेक माणसे आपोआप सावरत असतील, तर उपचार कोणाला, हे आधी ठरवावे लागते. दुसरा हिशोब पोहोचेचा: शंभरांपैकी दहा जणच घेणारा आणि त्यांतल्या निम्म्यांना बरे करणारा उपचार पाच जणांच्या कामी येतो, साठ जणांपर्यंत जाणारा आणि पाचातल्या एकालाच उपयोगी पडणारा उपचार बारा जणांच्या.

जेरुसलेममध्ये या हिशोबाची परीक्षा झाली. आपत्कालीन विभागात आलेल्या हजारो जखमींना फोन करून त्यांतून गरजू शोधले गेले. महिन्याभरानंतर मानसोपचार मिळालेल्यांपैकी पाच महिन्यांनी सुमारे पाचात एकाला विकार होता, प्रतीक्षायादीतल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना. मात्र प्रतीक्षेतल्यांनाही पुढे उपचार मिळाल्यावर हा फरक उरला नाही. लवकर उपचाराने वाचले ते मधले महिने. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या दृष्टीने ते थोडे नव्हेत.

आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला; २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतील बारा राज्यांत मात्र महाराष्ट्र नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक उपलब्ध आहे, पण फोन करायचा तो त्रासलेल्यानेच. अपघात विभागातील एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या) नोंदवहीत जखमीचे नाव, पत्ता आणि जखमेचे स्वरूप लिहिलेले असते, परंतु ती नोंद पोलिसांसाठी आणि न्यायालयासाठी ठेवली जाते. महिन्याने जखमींना फोन करायचे ठरले, तर यादी तिथूनच काढावी लागेल. त्याआधी रुग्णाची संमती कोणत्या क्षणी घ्यायची, आणि फोन करणारा प्रशिक्षित माणूस कोणाच्या पगारपत्रकावर असेल, हे ठरवावे लागेल.