प्राण्यांची छापील चित्रे : निवड, फ्रेम आणि निगा

सोलापूर शहर व जिल्ह्यातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्राण्याचे छापील चित्र घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक आधी चित्र पाहतात, मग आकार विचारतात आणि मग किंमत. ते कोणत्या कागदावर आणि कोणत्या शाईने छापले आहे, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक ते चित्र दहा वर्षांनी कसे दिसेल हे बव्हंशी त्या दोन गोष्टींवर ठरते, म्हणून त्यांची माहिती आधी देत आहोत.

कागद आणि शाई

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचा घटक राहतो. उजेड आणि हवा यांच्या संपर्कात तो पिवळा पडतो व त्यातून कागदात आम्ल तयार होते, आणि जुन्या वर्तमानपत्रासारखा असा कागद पुढे ठिसूळ होऊन घडीवर तुटतो. कापसाच्या तंतूंपासून केलेला आम्लमुक्त कागद महाग असतो, परंतु तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आमच्याकडे तो साधारण ३०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा असून बोटांना किंचित खरखरीत लागतो.

शाईचे दोन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो; ती सुरुवातीला अधिक तजेलदार दिसते, पण उजेडात लवकर उडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात आणि ते उजेडाला पुष्कळ अधिक काळ तोंड देतात. बाजारात उन्हात टांगलेले वाघाचे पोस्टर काही महिन्यांत निळसर झालेले आपण पाहिले असेल. वाघाचा नारिंगी रंग छपाईत पिवळा आणि गुलाबी-लाल या दोन शाया मिळून तयार होतो आणि साध्या पोस्टरमध्ये नेमके हेच दोन रंग आधी उडतात. मागे उरतो तो निळा आणि काळा. त्यामुळे वाघ, सिंह, खोकड अशा तांबूस प्राण्यांचे चित्र घेताना तरी शाईची चौकशी अवश्य करावी.

छपाई ओळखण्यासाठी काउंटरवर भिंग ठेवलेले आहे. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके फुलासारख्या ठरावीक नक्षीत मांडलेले दिसतात, तर चांगल्या इंकजेट छपाईत ते विखुरलेल्या बारीक रवाळ कणांसारखे दिसतात. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून हाताने काढलेल्या एचिंगमध्ये (पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेल्या छापात) चित्राभोवती पत्र्याची कड कागदात दबलेली असते आणि तिरप्या उजेडात ती स्पष्ट कळते. ग्राहकाने भिंग मागितले तर आम्हाला आनंदच होतो.

आवृत्तीचा क्रमांक

चित्राखाली पेन्सिलीने १२/५० असे लिहिले असेल, तर एकूण पन्नास प्रतींपैकी ही बारावी प्रत आहे असा त्याचा अर्थ होतो. लाकडी ठोकळ्यावरून किंवा पत्र्यावरून छापताना मूळ साचा झिजत जातो, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या प्रतींत खरोखर फरक पडू शकतो. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५१५ मधील, लाकडी ठोकळ्यावरून छापलेल्या गेंड्याचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. तो गेंडा गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आला आणि गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूररने तो स्वतः कधीच पाहिला नव्हता, केवळ एक रेखाटन व वर्णन यांवरून त्याने चित्र केले आणि खांद्यावर नसलेले छोटे शिंगही दाखवले. या ठोकळ्यावरून पुढे दीर्घकाळ प्रती निघत राहिल्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत ठोकळ्याला गेलेली चीर गेंड्याच्या पायांवरून उमटलेली दिसते. संगणकावरून काढलेल्या प्रतींमध्ये मात्र पहिली आणि पन्नासावी प्रत गुणवत्तेने सारखीच असते. तेथे क्रमांकाचा अर्थ इतकाच की चित्रकाराने त्याहून अधिक प्रती न काढण्याचे वचन दिले आहे, म्हणून केवळ लहान क्रमांकासाठी कोणी जास्त पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.

चित्रातील प्राणी

सोलापूरच्या ग्राहकांची पहिली मागणी साहजिकच माळढोकाची असते. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी घोषित झाले आणि आज तेथेही त्याचे दर्शन अतिशय दुर्मिळ झाले आहे. ज्या पक्ष्याला पुढची पिढी कदाचित चित्रातच पाहील, त्याचे चित्र तरी अचूक असावे, असा आमचा आग्रह आहे. नराचा माथा काळा, मान पांढरी आणि छातीवर काळा पट्टा असतो. मादी आकाराने लहान असून तिचा पट्टा अरुंद, बहुधा तुटक असतो. काळविटाच्या चित्रात पिळदार शिंगे आणि काळसर पाठ प्रौढ नराची असते, तर मादी फिकट तपकिरी आणि सामान्यतः बिनशिंगी असते. कळपातील प्रत्येक प्राण्याला शिंगे काढलेली चित्रे आम्ही परत पाठवतो. उजनीच्या पाणथळीवर येणाऱ्या रोहित पक्ष्याच्या पायाच्या मध्यावर मागे वळलेला जो सांधा दिसतो तो घोट्याचा असतो, त्यामुळे तो माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकलेला दाखवला असेल तर चित्रकाराने पक्षी नीट पाहिलेला नाही असे समजावे. शैलीदार किंवा लोककलेच्या अंगाने काढलेल्या चित्रांना ही कसोटी अर्थातच लागू नाही.

स्वतःच्या फोटोवरून छपाई करून हवी असल्यास १२ × १८ इंचांसाठी सुमारे ३६०० × ५४०० पिक्सेलची मूळ फाइल आणावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान झालेला असतो. दुसऱ्याचे चित्र इंटरनेटवरून उतरवून आणल्यास आम्ही ते छापत नाही. भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो, आणि चित्राची प्रत विकत घेतल्याने तो हक्क ग्राहकाकडे येत नाही.

फ्रेम

चांगली चित्रे सर्वाधिक खराब होतात ती फ्रेममध्येच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, मग पावसाळ्यात तीच हवा दमट होते. कागद कोरड्या हवेत आकसतो आणि दमट हवेत फुगतो. चित्र चारही बाजूंनी फेविकॉलने पुठ्ठ्याला चिकटवले असेल, तर त्याला हलायला जागा राहत नाही आणि त्यावर लाटा उठतात. म्हणून आम्ही चित्र केवळ वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या आणि गव्हाच्या पिष्ठाची खळ वापरून टांगतो. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कधीही चित्र इजा न होता काढता येते. सेलोटेपचा डिंक मात्र काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि तो डाग सहसा जात नाही.

चित्र काचेला थेट टेकू नये, यासाठी मध्ये आम्लमुक्त माउंट (चित्राभोवती चौकटीसारखा कापलेला पुठ्ठा) घालावा. मागे उघडे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड लावल्यास लाकडातील आम्ल कागदात उतरते. अतिनील किरण अडवणारी काच महाग असली तरी उजेडाच्या खोलीसाठी तिची शिफारस करतो. मोठ्या आकारात किंवा लहान मुलांच्या खोलीत अ‍ॅक्रिलिक घ्यावे, कारण ते हलके असते आणि फुटले तरी काचेसारख्या धारदार ठिकऱ्या उडत नाहीत. मर्यादित आवृत्तीच्या चित्रावर लॅमिनेशन करून देण्याची विनंती कृपया करू नये. ते पुन्हा काढता येत नाही आणि त्याने चित्राचे मोल जाते.

भिंत आणि निगा

उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. संग्रहालयांत कागदावरील चित्रांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक), म्हणजे बराच मंद ठेवतात. घरात इतके शक्य नसले, तरी दुपारचे ऊन ज्या भिंतीवर येते ती पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळणे प्रत्येकाला शक्य आहे. देवघराजवळ उदबत्तीची काजळी बसते, स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर चढतो आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत ओल असते. जुन्या दगडी घरांत बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तेथे फ्रेमच्या मागील चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी.

काच पुसताना पाणी किंवा क्लीनर काचेवर न फवारता कापडावर घ्यावे, कारण काचेवरून ओघळलेला थेंब फ्रेमच्या खाचेतून थेट कागदापर्यंत जातो. दिवाळीच्या आवराआवरीत हे विशेष सांभाळावे. कॅनव्हासवरील चित्र कोरड्या मऊ ब्रशनेच झटकावे. गुंडाळून ठेवलेले चित्र असेल तर वर्षातून एकदा उघडून कसर लागली नाही ना हे पाहावे. फ्रेमच्या आत तपकिरी ठिपके किंवा पांढरट बुरशी दिसू लागल्यास दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी झाल्यावर, फ्रेम दुकानात आणावी. आम्ही मागची बाजू उघडून तपासून देतो.

छत गळून चित्र भिजलेच, तर ते काचेला चिकटलेले असताना ओढून सोडवू नये, उन्हात ठेवू नये आणि त्यावर इस्त्री फिरवू नये. फ्रेम आडवी धरून, काच खाली ठेवून, शक्यतो त्याच दिवशी आमच्याकडे घेऊन यावी. चित्र काचेला चिकटलेले नसेल, तर ते अलगद बाहेर काढून स्वच्छ टिपकागदावर सपाट ठेवावे, पंख्याचा थेट झोत टाळावा आणि टिपकागद ओला होईल तसा बदलत राहावा.